मधली सोळा वर्षं

कोर्टाच्या आवारात ताडपत्रीखाली टायपिस्ट बसतात. पूर्वी त्यांच्यासमोर टाइपरायटर असायचे, आता लहान प्रिंटर असतात आणि जुलैच्या पावसात त्यांच्यावर खताच्या पोत्याचं प्लास्टिक पांघरलेलं असतं. त्या दिवशी पाऊस तिरका येत होता. माझ्या हातातली फाईल मी पदराखाली धरली होती, कारण तिच्यात बारावीचं मूळ गुणपत्रक होतं आणि ते एकदा भिजलं की कोल्हापूर बोर्डाकडून दुसरं काढायला किती हेलपाटे पडतात हे मला माहीत झालं होतं. टायपिस्ट पोरगेला होता, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा. "कशाला पाहिजे ॲफिडेव्हिट?" म्हणाला. कॉलेजला, गॅपचं, असं मी सांगितलं. "मुलीचं काय?" "नाही, माझं." तेव्हा त्यानं मान वर केली. किती वर्षांचा गॅप, म्हणून विचारलं. 2009 ते 2025, सोळा वर्षं, मी म्हणाले. "मधी काय करत होतासा आक्का?" आणि मी, कसलाही विचार न करता, गावात कुणीही विचारल्यावर जे सांगते तेच सांगितलं. "काय न्हाई, घरातच."

त्यानं टाइप केलं. प्रिंटरमधून कागद गरम बाहेर आला. मजकूर कानडीत होता. सही कुठं करायची ते त्यानं पेनानं फुली मारून दाखवलं, पण मी सही करायच्या आधी वाचायला लागले. मला कानडी वाचता येतं, फक्त वेळ लागतो. ओठ हलवत, अक्षराला अक्षर जोडत मी खाली येत गेले. माझं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, तालुका, आणि मग ते वाक्य. यावुदे केलस माडिरुवुदिल्ल. म्हणजे, या काळात कोणतंही काम केलेलं नाही.

मी सही केली. पैसे दिले. नोटरीचा शिक्का झाला.

ते वाक्य मात्र डोक्यातून जाईना. बसमध्ये बसले तरी ते होतं, रात्री भाकऱ्या थापताना होतं. टायपिस्टाचा काही दोष नव्हता, हे आधीच सांगते. मी त्याला विचारलंसुद्धा होतं, हे असंच लिहावं लागतं का? "फॉरमॅटच असा असतोय आक्का. तुम्ही दुसरीकडं शिकत नव्हता, नोकरी करत नव्हता, एवढंच कॉलेजला पाहिजे असतंय." बरोबरच आहे. कॉलेजला एवढंच हवं असतं. पण माझ्या आयुष्यात कुणाच्याही मदतीशिवाय, मुलीला न विचारता, पहिल्यांदा वाचलेलं लांब कानडी वाक्य तेच होतं, आणि म्हणून ते कुठंतरी रुतून बसलं.

माझं माहेर महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात, शिनोळीच्या पलीकडं. सासर कर्नाटकात, बेळगावजवळ, बाचीच्या अलीकडं, वेंगुर्ला रोडला लागून. दुचाकीवर वीस मिनिटांचं अंतर. दोन्हीकडं तीच भाषा, तीच रताळी, तेच नाचण्याचं आंबील, महाशिवरात्रीला वैजनाथाच्या डोंगरावर दोन्हीकडची माणसं. आमच्या लग्नात कुणाच्या मनातही आलं नाही की मुलगी दुसऱ्या राज्यात चालली आहे. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तांदूळ दुसऱ्या दिवशी भातात गेले. एफ. वाय. बी. ए.ची परीक्षा एप्रिलमध्ये झाली होती, लग्न मे महिन्यात. निकाल लागला तेव्हा मी सासरी होते. दादानं फोन करून सांगितलं, पास झालीस, आणि मी म्हणाले, बरं. त्या "बरं"चं मला आजही वाईट वाटतं.

तांदळातलं ते नाव सोळा वर्षांनी माझ्यासमोर उभं राहिलं. गुणपत्रकावर एक बाई, आधार कार्डावर दुसरी. दोन्ही मीच आहे हे सिद्ध करायला लग्नाचं प्रमाणपत्र लागतं आणि आमचं लग्न नोंदवलेलंच नव्हतं. ते नोंदवलं. लग्नाचे फोटो काढून नेले, त्यात मी घाबरून खाली बघते आहे आणि यांच्या मिशीला नुकता वस्तरा लागला आहे. शिवाजी विद्यापीठाकडून मायग्रेशन आणलं, राणी चन्नम्मा विद्यापीठाला लागणारे पात्रतेचे कागद गोळा केले. कोल्हापूरच्या दोन फेऱ्या झाल्या. मधल्या काळात कर्नाटकात चार वर्षांची पदवी येऊन गेली होती आणि 2024 पासून पुन्हा तीन वर्षांची झाली होती, तेव्हा जिथून सोडलं तिथून धरायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या वर्षापासून सुरुवात. प्रवेश मिळाला तेव्हा वाटलं अवघड भाग संपला. स्कॉलरशिपचा विचार तोवर मनात नव्हता. तो आमच्या मुलीनं घातला. "आई, सगळी पोरं एसएसपीवर भरतात, तू पण भर की."

एसएसपी म्हणजे राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल. आमच्या फाट्यावर ग्राम वनचं, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणारं दुकान आहे, तिथं मी तीन वेळा गेले. पहिल्यांदा जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा नंबर विचारला, तो नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कचेरीतून, काढावा लागतो. उत्पन्नाचा दाखला सहज मिळाला, पाच वर्षं चालतो म्हणाले. पण तो काढताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, उत्पन्न कुणाचं लिहायचं? मी गप्प राहिले. त्यांनीच समजावलं, लग्न झालेल्या बाईला नवऱ्याचं लागतं. पुढं मी मोबाईलवर केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची नियमावली शोधून वाचली, तिच्यातही तेच लिहिलं आहे. आईवडिलांचं उत्पन्न धरायचं, विवाहित बेरोजगार विद्यार्थिनी असेल तर नवऱ्याचं. मग जातीच्या दाखल्याची पाळी आली, आणि तिथं बाई म्हणाल्या, जात नवऱ्याची चालत नाही, जात जन्मानं. वडिलांचे कागद आणा. मराठा इकडं मागासवर्गाच्या 3-बी गटात येतात, माझ्या जावेचा दाखला तसा आहे, तिचं माहेर हिंडलग्याकडं. माझे वडील महाराष्ट्रातले. त्यांच्या शाळेचा दाखला चंदगड तालुक्यातला. त्यावर इथला दाखला निघत नाही.

उत्पन्न सासरचं, जात माहेरची, आणि मधे सीमा.

त्या बाईंना माझं वाईट वाटलं असावं. "तिकडनं काही मिळतंय का बघा," म्हणाल्या. तिकडनं म्हणजे महाराष्ट्रातनं. आता ज्या 865 गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो त्यांत आमचं गाव आहे. माझ्या मोठ्या दिरांच्या मुलानं इंजिनिअरिंगला सीमाभागाच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा जी-1 आणि जी-2 असे दोन दाखले काढले होते, एक गाव वादग्रस्त भागातलं असल्याचा आणि दुसरा मातृभाषा मराठी असल्याचा. त्याला त्याचा उपयोग झाला, मला आनंद झाला. पण मला इंजिनिअरिंग करायचं नव्हतं, बी. ए. करायचं होतं, बेळगावातच, कारण संध्याकाळी गोठ्यात मी असावी लागते. दादानं तिकडच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीची माहिती काढली. त्यात एक अट आहे की शिक्षणक्रमाच्या काळात दोन किंवा जास्त वर्षांचा खंड नसावा. दोन वर्षं. दादानं हे फोनवर वाचून दाखवलं आणि दोघंही गप्प झालो. मग तो म्हणाला, "तेव्हा मीच आडवं पडायला पाहिजे होतं गे. निदान एस. वाय. करून लग्न केलं असतं." मी म्हणाले, तू पण एकवीसचाच होतास.

आता ज्या योजनेवर माझा सगळ्यात जास्त जीव लागला होता तिच्याविषयी. रयत विद्यानिधी. 2021 मध्ये सुरू झाली, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. आमची मुलगी आठवीत असताना तिच्या खात्यावर 2,000 रुपये आले होते, काही न करता, फक्त यांच्या उताऱ्याला आधार जोडून एफआयडी, म्हणजे शेतकऱ्याचा नोंदणी नंबर, काढला होता म्हणून. पदवीला मुलींना 5,500 असं ठरलेलं होतं. मी मनात धरलं होतं, आपण शेतकऱ्याच्या घरातल्या, उतारा आहे, एफआयडी आहे. ग्राम वनच्या पोरानं नंबर घालून बघितला आणि म्हणाला, हे आई-वडिलांच्या नावावर चालतंय मामी, नवऱ्याच्या नाही. तुमच्या बापाचा एफआयडी सांगा. बापाची जमीन तिकडं आहे, तिला एफआयडी नाही, तिला सातबारा आहे.

त्या संध्याकाळी मी शेतात गेले. आमचं दीड एकर, वरच्या बाजूला रताळी, खाली भात. रताळ्याचे वेल मीच लावले होते, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. वेल लावणं हे बघायला सोपं वाटतं. वरंबे धरायचे, वेलाचा तुकडा वाकवून मधला डोळा मातीत आणि दोन्ही टोकं बाहेर, आणि पायानं माती दाबत पुढं जायचं. कंबर वाकलेली ती संध्याकाळपर्यंत वाकलेलीच. चिकामुळं बोटं काळी होतात आणि ती काळी बोटं आठवडाभर जात नाहीत, साबणानं नाही, चिंचेनं नाही. प्रवेशाच्या दिवशी कॉलेजच्या टेबलावर मी हात खाली ठेवले होते ते त्या बोटांमुळं. ऑक्टोबरात रताळी निघतात, पोती भरून टेम्पोनं बेळगावच्या मार्केटला जातात, पट्टी यांच्या नावानं होते. त्यात काही चूक नाही, घर एकच आहे. पण सोळा पावसाळे ज्या मातीत मी वाकले, त्या मातीचं माझ्याशी नातं काय, असं कुणी कागदावर विचारलं तर उत्तर एकच निघतं. ज्याची जमीन त्याची बायको. मुलीला त्या जमिनीवर 2,000 मिळाले, मिळायलाच हवे होते. शेतकऱ्याच्या मुलीनं शिकावं असं सरकारला वाटलं, ही चांगली गोष्ट आहे. शेतकऱ्याच्या बायकोलाही शिकावंसं वाटेल, हे योजना लिहिणाऱ्याच्या मनात आलं नसेल. मला खरंच वाटतं की यायला हवं होतं. अजूनही एक ओळ वाढवता येईल.

असं नाही की कुणालाच मिळत नाही. आमच्या स्त्रीशक्ती संघातली एक मैत्रीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नर्सिंगला गेली. तिचं माहेर खानापूर तालुक्यातलं, वडिलांच्या नावावर अनुसूचित जातीचा दाखला निघाला, नवऱ्याचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे. कॉलेजमध्ये कागदांचं ई-अटेस्टेशन झालं, खातं आधारला जोडलं, आणि पैसे आले. ती पेढे घेऊन आली होती. तिचा गॅप नऊ वर्षांचा. तिनंही माझ्यासारखंच ॲफिडेव्हिट केलं होतं, पण तिला त्यात काय लिहिलं आहे ते माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

संघाचं नाव निघालं म्हणून कानडीचं सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कानडीतलं एक अक्षर येत नव्हतं. बसची पाटी वाचता येत नव्हती, कंडक्टरला विचारून चढायचे. मग संघ सुरू झाला आणि मला लिहिता-वाचता येतं म्हणून वही माझ्याकडं आली. वीस बायका, आठवड्याची बचत, कुणी किती उचलले, कुणी किती फेडले, सगळं मी मराठीत लिहायचे. कर्जाच्या वेळेला बँकेत ठराव कानडीत मागितला. तेव्हा शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतला, पण त्या रात्री मला झोप आली नाही. आपली वही दुसऱ्यानं लिहायची हे मला सहन होईना. आमची मुलगी तेव्हा मराठी शाळेत कानडी शिकत होती. तिचं कानडीचं पुस्तक मी घेतलं. ती गिरवायची, तिच्या शेजारी बसून मी गिरवायचे. व, प आणि म मला कळायचेच नाहीत, तिघी सख्ख्या बहिणींसारख्या दिसायच्या. ती हसायची, "आई, ह्याचं पोट बघ, ह्याची शेपटी बघ." चुलीवर भात, पुढ्यात पाटी, आणि पलंगावर आत्या.

आत्यांना लकवा झाला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. शेवटपर्यंत नऊ वर्षं त्या त्या पलंगावर होत्या. पहिल्या वर्षी मला चीड यायची, हे लपवण्यात अर्थ नाही. रात्री दोन वेळा उठून कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, जखम होऊ नये म्हणून खाली उशा सरकवत राहायचं. सकाळी पेजेचा वास आणि फिनेलचा वास एकमेकांत मिसळलेला असायचा, आणि तो वास कुठंही आला की आजही माझे हात आपोआप उशीकडं जातात. पुढं पुढं आमचं जमलं. त्यांच्या अर्ध्या बोलण्याचा अर्थ घरात फक्त मला कळायचा. डॉक्टर विचारायचे आणि माझ्याकडं बघायचे. मी कानडीची अक्षरं मोठ्यानं म्हणायचे, तेव्हा त्या डाव्या हातानं पलंगाच्या कडेवर ताल धरायच्या. एकदा मी पानभर वाचून दाखवलं तर स्पष्ट म्हणाल्या, "शाणी गे." नऊ वर्षांत तेवढे स्पष्ट शब्द मोजून चार-पाच वेळा ऐकले असतील.

त्या गेल्या आणि रेशन कार्डावर घरातली मुख्य बाई म्हणून माझं नाव लागलं. त्यामुळं कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे 2,000 रुपये आता माझ्या खात्यावर येतात, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. माझी फी त्यातून गेली. ही गोष्ट मनात आली की मला कसंतरी होतं. जगाला सांगायची तर सोपी आहे, सरकारच्या पैशातून बाई शिकली. पण ते पैसे आत्यांच्या जागेवर येतात. मी हप्ता आल्याचा मेसेज बघते आणि आधी पलंगाची ती रिकामी बाजू डोळ्यांसमोर येते.

आणि बस. 2023 च्या जूनपासून बायकांना बस फुकट आहे. कंडक्टर आधारवरचा पत्ता बघतो, कर्नाटक म्हटलं की शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. बास. जात कुणाची नाही, उत्पन्न कुणाचं नाही, गॅप किती नाही, नाव पूर्वी काय होतं तेही नाही. दीडशे वेळा तरी मी तो शून्याचा कागद हातात घेतला असेल, आणि दर वेळी मला बरं वाटलं आहे. सकाळच्या बसला कॉलेजची पोरं-पोरी असतात, मार्केटला जाणाऱ्या भाजीवाल्या असतात. पहिल्या दिवशी एका पोरीनं मला उठून जागा दिली, काकू बसा म्हणाली. तास सुरू झाला तर ती माझ्याच वर्गात. दोघीही लाजलो. आता ती माझ्या शेजारी बसते आणि कानडीच्या तासाला मी तिला मदत करते, कारण ती शिनोळीकडची आहे आणि तिला व, प, म कळत नाहीत.

अर्जाचं काय झालं, असं लोक विचारतात. काही झालं नाही. पोर्टलवर माझा अर्ज कुठल्याच खात्याच्या योजनेत बसला नाही. कॉलेजच्या ऑफिसातल्या सरांनी फीचे दोन हप्ते करून दिले, ते मात्र त्यांच्या मनानं. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाले. मी फाईल घरी आणली आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवली.

परवा मुलीला स्वतःच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला लागला, आमच्या दोघींना तोच चालतो. तिनं फाईल उतरवली आणि पलंगावर, आत्यांच्या पलंगावर, सगळे कागद पसरले. ती कानडी सरळ वाचते, ओठ हलवत नाही. ॲफिडेव्हिट हाताला लागलं तसं सहज वाचत खाली आली आणि थांबली. पुन्हा वाचलं. खाली, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि त्याखाली माझी सही.

"आई, तू ह्याच्यावर सही केलीस?"

मी म्हणाले, तो फॉरमॅट असतो.

"फॉरमॅट असू दे की." ती कागद हातात धरूनच होती, बोट त्या ओळीवर. "मग आज्जीला कोण बघत होतं?"